दोन डिस्कांचा काळा डबा

जावईबापूंच्या घरात काहीही हरवू शकतं, डेटा मात्र नाही! तसं त्यांनीच जाहीर करून टाकलं होतं. पाइप विकणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात ते नोकरीला. पण ऑफिसने त्यांना एकदा संगणकाच्या प्रशिक्षणाला धाडलं आणि तेव्हापासून त्यांना आवरणं कठीण झालं. जेवायला उशीर झाला की ‘लेटन्सी’! सकाळी बाथरूमसमोर रांग लागली की ‘बँडविड्थ अपुरी’!

चपलांच्या कपाटावर त्यांनी एक काळा डबा बसवला होता. आत दोन डिस्क, आणि घरातल्या साऱ्या फायली वायफायवरून त्यात जाणार. बायको घरूनच इमारतींचे नकाशे काढायची. तिचेही नकाशे डब्यातच राहतील, असा जावईबापूंचा हुकूम होता.

त्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेली होती. संध्याकाळी एका नव्या शाळेचे नकाशे संस्थेच्या लोकांना दाखवायचे होते. ते पसंत पडले तर तिचं स्वतःचं ऑफिस उभं राहणार होतं. घरात जावईबापू आणि पाहुणे आलेले सासरे, दोघंच.

“हा रेडिओ का?” सासऱ्यांनी डब्याकडे बोट दाखवलं.

“छे, छे! नेटवर्क स्टोरेज! आणि आत मिररिंग आहे, बाबा. एका डिस्कवर जे लिहू, ते त्याच क्षणी दुसरीवर!”

“आणि चुकून इथलं पुसलं तर?”

“तर तिथे आहेच की!”

सासरे विचारात पडले. “पण आरशासमोरून मी उठलो, तर आरशातला म्हातारा बसून राहतो का?”

जावईबापू हसले. सासऱ्यांसमोर जेवढं हसता येतं तेवढंच, आदबीने. “थांबा, दाखवतोच!”

तिथेच गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण प्रात्यक्षिकाची हौस दांडगी! त्यांनी लॅपटॉप उघडला, डब्यातलं ‘शाळा अंतिम’ नावाचं फोल्डर निवडलं आणि पुसून टाकलं. वर कचरापेटीही रिकामी केली. “नक्की ना?” असं डब्याने पुन्हा पुन्हा विचारलं. ह्यांनी ताठ मानेने ‘हो’ म्हटलं. मग पहिली डिस्क खसकन ओढून सासऱ्यांच्या हातात दिली.

“आता राहिली दुसरी. बघा, सगळं जसंच्या तसं!”

पडद्यावर काहीच नव्हतं.

“कुठाय?” सासऱ्यांनी चष्मा पुसला.

“येतंय. लेटन्सी आहे.”

बराच वेळ गेला तरी काही येईना. जावईबापूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी ऑफिसातल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला फोन लावला.

“अहो, मिररिंग आहे ना? मग दोन्हीकडून एकदमच पुसलं जाणार! एक डिस्क बिघडली तर दुसरी चालावी, एवढ्यासाठीच असतं ते. तुमचा बॅकअप कुठाय?”

“दुसऱ्या डिस्कवर,” जावईबापू पुटपुटले.

पलीकडून नुसतंच हसणं ऐकू आलं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली! जावईबापूंनी झेप घेऊन वायफायचा राउटर बंद केला. का केला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“अहो, वायफाय का गेलं?” बायकोने आत येताच मोबाइल हलवला.

“मेंटेनन्स.”

“आत्ता?”

“प्लॅन्ड डाउनटाइम!”

“आणि बाबांच्या मांडीवर हे काय?”

“मला धरायला दिलंय,” सासरे निरागसपणे म्हणाले. “तुझी शाळा पुसली गेली म्हणे.”

जावईबापू मटकन खाली बसले. वर्षभर जेवताना ती त्या शाळेबद्दल बोलत आली होती. वर्गात उजेड कुठून येईल, पोरं डबा कुठे बसून खातील, सगळं! “चुकलो गं. माझ्यामुळे तुझं ऑफिस गेलं.” प्रशिक्षणानंतर प्रथमच ते घरात साधं बोलत होते.

बायकोने काखेतली कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली. “नकाशे हे काय, छापून आणलेत. फायली माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर, ताईच्या घरी.”

“मग डब्यात काय होतं?”

“एका गोदामाचे नकाशे. कधीचे नापास झालेले. नावं बदलून तेच डब्यात टाकत होते.”

“पण कशाला?”

“काही टाकलं की तो हिरवा दिवा लुकलुकायचा ना,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला बरं वाटायचं.”

सासरे खिडकीबाहेर पाहू लागले. बायको गुंडाळी उचलून, “यश येऊ दे म्हणा,” असं सांगून निघालीसुद्धा. जावईबापूंनी निमूटपणे राउटर लावला आणि डिस्क डब्यात सरकवली. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

आणि काय सांगावं, त्यांना खरोखरच बरं वाटलं!