बाहेरून कुलूप

घरात शांतता असती, तर मी दहावी पास झालो असतो का? हा प्रश्न मी तात्यांना, म्हणजे वडिलांना, कितीदा तरी विचारला. उत्तर न देताच ते गेल्या महिन्यात गेले. (उत्तर 'नाही' असणार. पण तोंडाने सांगायला काय जात होतं?)

जाताना एवढंच म्हणाले, केतकीची परीक्षा चुकू देऊ नकोस. केतकीताईची यूपीएससीची मेन्स आठवड्यावर आलेली, आणि आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये भेटायला येणाऱ्यांची रीघ. तात्या शेवटी काय जेवले, हे प्रत्येकाला ताईच्याच तोंडून ऐकायचं असायचं. ती पुस्तक मिटायची, सांगायची, रडायची आणि मग तेच पान पुन्हा पहिल्यापासून.

म्हटलं, बस्स झालं. दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप ठोकलं आणि शेजारच्या त्यागीजींच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत उडी मारली.

"बेटा, चोर भी शरमा जाए," त्यागीजी म्हणाले.

शरमू दे.

संध्याकाळी नोएडाहून तात्यांचे स्नेही भाऊसाहेब आणि वैजयंतीकाकू आले. कुलूप बघून परत जातील, अशी माझी समजूत. ते जिन्यावरच बसले. (मेट्रो बदलून आलेला मराठी माणूस न भेटता जातो होय?) मी आतून दाराला कान लावून उभा. बाहेरचं बोलणं हळूहळू थांबलं. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, म्हणून मी धरून चाललो, गेले.

"गेली एकदाची ब्याद. वाच आता, ताई." (मोठ्याने. मला हळू बोलता येत नाही.)

"आशय," दारापलीकडून काकू म्हणाल्या, "ब्याद इथेच बसलीय रे. जरा पाणी देतोस?"

ताईने तोंडासमोर पुस्तक धरलं. तात्या गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

मला लाज वाटली नाही. अजूनही वाटत नाही. पाण्याची बाटली खिशात कोंबून पुन्हा उडी मारली, जिन्यावर गेलो आणि दोघांना सरळ खालच्या पार्कात नेलं. तात्या शेवटी काय जेवले, ते या वेळी मी सांगितलं. दोन चमचे पेज, माझ्या हातून. भाऊसाहेब पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात ताईचा फोन आला. वाटलं, माझी काळजी वाटली असेल.

"आशय, तू गेल्यापासून घर किती शांत झालंय रे. परीक्षा संपेपर्यंत रोज जाशील?"

तात्या उत्तर का देत नव्हते, ते पार्कातल्या बाकावर बसल्या बसल्या समजलं. तरी गेलो. रोज गेलो. कुलूप लावूनच.