भरदुपारचा काळा पडदा

योरिकला दुपारी दोन तास झोपवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (सात महिन्यांच्या बाळाची आई याहून मोठं काय ठरवणार?) त्याचा पाळणा पुढच्या खोलीत, आणि तिथली खिडकी एवढी मोठी की रस्त्यावरून जाणाऱ्याने आमच्या ताटातले बटाटे मोजावेत.

पडद्यांच्या दुकानदाराने विचारलं, "अंधार किती टक्के हवाय? ऐंशी, पंचाण्णव की शंभर?"

बाळंतपणानंतर मला शंभर टक्के असं काहीच मिळालं नव्हतं. मी शंभर सांगितलं.

"रंग वाळूचा घ्या. अस्तरामुळे अंधार तेवढाच पडतो."

"काळा," मी म्हणाले. उगाच जोखीम नको. गुंडाळायच्या पडद्याच्या कडेने उजेड शिरतो असं तो म्हणाला, म्हणून वरून जाड पडदा घेतला. तोही काळा.

"फोटो धुणार आहेस का इथे?" माझा नवरा वेसेल म्हणाला, आणि शिडी धरून उभा राहिला. (पडदे मीच लावले. शिडी त्याने छान धरली.)

मंगळवारी एक वाजता मी दोन्ही पडदे ओढले. योरिक थोडा रडला आणि एकदम गप्प झाला. श्वास घेतोय ना, म्हणून वाकून पाहिलं, तर काही दिसेना. (शंभर टक्के!) मग त्याच्या छातीवर हात ठेवून जमिनीवर बसले, आणि बसल्याबसल्या कधी आडवी झाले कळलंच नाही.

जाग आली ती कपबश्यांच्या आवाजाने. स्वयंपाकघरात शेजारच्या हेर्मीनबाई आणि गल्लीतल्या चौघीजणी, सगळ्या काळ्या कोटांत. टेबलावर सुपाचं पातेलं आणि मनुकांचा पाव. मला बघताच एकीच्या हातून बशी पडली.

"अगं बाई, तू जिवंत?" हेर्मीनबाई किंचाळल्या.

"म्हणजे काय?"

"भरदुपारी पुढचा पडदा ओढलेला! तू शहरातून आलेली, तुला काय माहीत. इथे घरात कोणी वारलं तरच ओढतात. वेसेल सकाळी सायकलवरून जाताना दिसला. पोराचं रडणं ऐकलं. उरलं कोण?"

"मग आत येऊन बघायचं तरी!"

"बेल दाबली, कोणी उघडेना. मागच्या दाराने आलो. पोर शांत होतं, म्हणून म्हटलं डॉक्टर येईपर्यंत कॉफी करू. आणि खरं सांगू का पोरी, गेले काही महिने तू दिसत होतीसच तशी."

त्यांच्यासमोर एक कागद होता. सोमवारी दुपारी योरिक हेर्मीनबाईंकडे. मंगळवारी कपडे दीनीकडे. रात्री बाळाला कोणी घ्यायचं, त्याच्याही पाळ्या. पूर्ण महिनाभराच्या.

"वेसेलसाठी," दीनी म्हणाली. "एकटा पुरुष, पदरात तान्हं पोर. कसं जमायचं बिचाऱ्याला?"

सात महिन्यांत यांतली एकही मागच्या दाराने आली नव्हती. मेल्यावर दोन तासांत महिन्याची सोय झाली होती.

"ही यादी... राहू दे ना," मी म्हणाले. आवाज फारच बारीक निघाला.

हेर्मीनबाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "आता कशाला गं? आता तू आहेस ना!"

आत योरिक उठून रडू लागला. पाचही जणींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी गेले.

सूप तेवढं त्यांनी ठेवलं. वेसेल दमून येईल म्हणून.