बगलेतला जंतू

भिकन सरांना नमस्कार केला तर ते एकच हात वर करतात. डावा अंगाला घट्ट चिकटलेला. लकवा नाही, गर्वही नाही. डाव्या बगलेत जुलाबाच्या जंतूंची बूच लावलेली काचनळी असते.

सर शहाद्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, हे माझं प्राक्तन. हिवाळ्यात प्रयोगशाळेतली उबवणपेटी बंद पडते. मग सर स्वतःच पेटी होतात. कारण विचारण्याची चूक मी एकदा केली, तीही जेवताना.

"थंडीमा तो जंतू चिकटाना आकडाच काढत नही," सर म्हणाले. "आतडीनी ऊब लागनी, की त्याले समजस, आपलं घर उनं. मंग आंगवर बारीक आकडा काढस आनि चिकटस. बाहेर फुकट कशाले काढी? शहाना शे तो."

उबेतला जंतू रक्ताच्या थेंबात टाकला की आकड्यांना रक्तपेशी चिकटून थेंब दाणेदार होतो, थंडीतला टाकला तर काहीच होत नाही. पोरांना एवढं दाखवायला हा सगळा खटाटोप.

यंदा ते प्रात्यक्षिक नेमकं माझ्या मुलीच्या, सोनलच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलं. बायकोने हात जोडले, तरी सर नळी घेऊनच मांडवात. हळदीला एका हाताने नाचले. व्याह्यांनी विचारलं, हात मोडला का? सरांनी आतडीपासून सुरुवात केली. व्याह्यांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला, तो ठेवलाच. मी दात-ओठ खात म्हटलं, "सर, आज तरी सोडा."

"थंड पडना की गयं, भाऊ. पोरेस्नं नुकसान."

पाठवणीला सोनल सर्वांना भेटत सरांपाशी आली. सरांना मूलबाळ नाही, बायको वारून बरीच वर्षं झाली. ही लहानपणी आमच्यापेक्षा त्यांच्याच ओट्यावर जास्त जेवली. ती "काका" म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. सरांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग बगलेतून नळी काढली, मागच्या खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तिला धरलं.

गाडी गेली. लोक पांगले. सर तिथेच उभे होते. इतका छळ सोसलेला मी, पण मला त्यांच्याकडे बघवेना. धावत जाऊन नळी आणली.

"सर, लवकर धरा, आजून कोमट शे."

त्यांनी हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," ते म्हणाले. "पोर गयी आपली."