आधी गोदामावशी, मग मासे

आमच्या शेततळ्यातल्या माशांना जे खायला मिळतं, ते आधी गोदामावशी चाखते. पोत्यात हात घालते, चिमूटभर ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, जिभेवर ठेवते, डोळे मिटते आणि गाल आत ओढून उभी राहते. तेवढा वेळ पोत्याला कुणी हात लावायचा नाही. मग ती बाजूला थुंकते, पदरानं तोंड पुसते आणि निकाल देते. "चालते," किंवा "वापस." त्यावर अपील नाही. आणि मावशी पक्की शाकाहारी. मासा तर सोडाच, ज्या भांड्यात कधीकाळी अंडं उकडलं त्या भांड्यालाही ती हात लावत नाही.

आमच्या वरवट बकाल गावात तिचं घर आमच्या घराला लागून आहे. मध्ये कमरेएवढी भिंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन सुरतेला. मावशीनं जन्मभर गावातल्या शाळेत खिचडी शिजवली. पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी चाखून बघायचं असा नियम होता. मास्तर लोक घाईत, म्हणून ते काम मावशीनंच स्वतःकडे घेतलं. तांदळाची पोती आणणारा टेम्पोवाला हेडमास्तरांना घाबरत नसे, मावशीला घाबरे. पुढे वय झालं, तिच्या जागी दुसरी बाई आली. मग मावशी ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पिशव्या तपासू लागली. "हे वांगे कोठून घेतले? जून हायत."

त्याच सुमारास मी शेततळ्यात रोहू आणि कटला सोडले. विकतचं खाद्य परवडेना, तेव्हा घरीच करायचं ठरवलं. भाजलेलं सोयाबीन, शेंगदाण्याची ढेप, तांदळाचा कोंडा, तुरीची चुनी म्हणजे डाळीचा चुरा, हे आपल्या भागात मिळतंच. मत्स्यपालनाचा सल्ला देणाऱ्या एक तरुण मॅडम यायच्या. त्यांनी बजावलं, "पर्याय चांगले आहेत, पण माल तपासून घ्या. कोंड्यात रेती असते. सोयाबीन नीट भाजलेलं नसेल तर माशांना पचत नाही. आणि बुरशी तर अजिबात नको." मी हे वहीत लिहून घेत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"त्यात काय लिहाचं हाय? मासे काय न् पोट्टे काय, पोटात जानारी गोष्ट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या अंगणात हजर. तिला कुणीही बोलावलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिनं मूठभर कोंडा पितळी ताटलीत टाकला, पाणी ओतलं, हलकेच फिरवलं. तळाशी रेती बसली. "हे पाय. तुये मासे का घर बांधून राह्यले?" कोंडा परत गेला. मग सोयाबीन चाखून म्हणाली, "कच्चं हाय." मॅडमनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर अहवालातही तेच आलं. मॅडम खूश होऊन मावशीला कागद दाखवायला गेल्या. मावशीनं तो उलटसुलट करून पाहिला. "शायना हाय कागद," ती म्हणाली, "पन हेच मी त्या दिवशी फुकट सांगतलं होतं."

संग्रामपूरचे सलीमभाई आम्हाला ढेप देतात. पोतं उतरवलं की ते दहावीच्या निकालाला आलेल्या पोरासारखे उभे राहायचे. "मौशी, आज पास करून टाका."

एकदा मॅडमनी वाळवलेल्या अळ्यांचं पाकीट आणलं. भाजीबाजारातल्या कचऱ्यावर वाढवलेल्या एका काळ्या माशीच्या अळ्या. त्या म्हणाल्या, "मावशी, यात प्रथिनं भरपूर असतात."

मावशीनं वाकून पाहिलं. "हे जीव हाय."

"वाळवलेल्या आहेत."

"मंग वाळवलेला जीव हाय."

चाखायचा प्रश्नच नव्हता. पण सोडवेनाही. तिनं पाकीट कानाशी धरून हलवलं. एक अळी मला वर्तमानपत्रावर चिरडायला लावली आणि डाग किती पसरतो ते बघत बसली. "वाजते चांगलं, म्हंजे वाळलं बरोबर. पन तेल लय हाय. लवकर वापरा, नाई तं खवट होईन." मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, कारण त्याही हेच सांगणार होत्या. मी हसलो. न चाखता हे कसं कळलं, एवढा साधा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

गेल्या वर्षी पोळ्यानंतरची गोष्ट. सलीमभाईंनी शेंगदाण्याच्या ढेपेची चार पोती आणली. मावशीनं चाखून "चालते" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढेप कालवताना वंदना, माझी बायको, म्हणाली, "मले कुबट वास येऊन राह्यला."

"तुले सर्दी झाली असन," मावशी म्हणाली. विषय मिटला. आम्ही कालवलेल्या खाद्याचे दाणे पाडले, वाळत घातले. संध्याकाळी तळ्यात टाकायचे होते.

दुपारी सलीमभाई मोटारसायकल दामटत आले. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच विचारलं, "भाऊ, कालचा माल पान्यात टाकला का?"

"नाही अजून."

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "शुकर हाय. मले ज्याच्याकडून माल आला ना, त्याच्या गोदामात पानी शिरलं होतं. त्यानं वाळवून भरून देल्ला. आतून बुरशी हाय. मौशीनं पास केला म्हनून मी बी बेफिकीर राह्यलो." त्यांनी एक खडा फोडून माझ्या नाकाशी धरला. ओल्या गोणपाटाचा वास माझ्यासारख्या तपकीर ओढणाऱ्यालाही आला.

मावशी आमच्याच ओट्यावर बसली होती. तिनं तो खडा मागून घेतला, नाकाशी धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग उठली आणि घरी गेली.

चार दिवस ती भिंतीजवळसुद्धा दिसली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. ती जेवत होती. ताटात ज्वारीची भाकर आणि बाजूला पाण्याचा पेला. भाजी नाही, चटणी नाही, कांदासुद्धा नाही.

"मावशी, भाजी नाही केली?"

"कायले? सारं सारखंच लागते." तिनं घास पाण्यासोबत गिळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोरोनाच्या तापात गेली माई चव. वास बी गेला. डाक्टर म्हने येईन सा महिन्यानं. आलाच नाई."

मी मनात हिशोब केला. कोरोना आधी, आमचं तळं नंतर. "म्हणजे आमच्याकडे आलीस तेव्हापासून?"

"तवापासून काईच लागत नाई. खारट नाई का कडू नाई."

"मग सोयाबीन कच्चं आहे, हे कसं ओळखलं?"

"दाताखाली. भाजलेलं कटकन फुटते, कच्चं दबते. कोंडा मुठीत दाबून पायला का समजते ओला हाय का सुका. रेती पान्यात दिसते. कान हायत, हात हायत." ती थांबली. "बुरशी तेवढी वासाचीच गोष्ट हाय. थे नाई समजली मले."

"मग चाखत कशाला होतीस?"

तिनं ताट सरकवलं. "जीभ गेली म्हनून सांगतलं असतं तं तुमी मले बलावलं असतं का?"

बोलावलं तर तेव्हाही नव्हतं. पण हे वाक्य मी गिळून टाकलं. म्हणालो, "मावशी, उद्या चुनी येणार आहे. हात आणि कान घेऊन ये. नाक वंदनाचं वापरू."

ती आली. आता आमच्याकडे अशी पद्धत आहे: मावशी मुठीत दाबते, दाताखाली धरते, पाण्यात फिरवते, कानाशी वाजवते. वंदना वास घेते. शंका आली की नमुना मॅडमकडे जातो आणि अहवाल येईपर्यंत पोतं वापरत नाही. "घाई नको करू," मावशी वंदनाला शिकवते, "पयले नाक मोकळं कर. मंग पोत्याच्या मदातला माल काढ, वरचा नाई." त्या अळ्याही आम्ही तळ्यात जाळी बांधून थोड्या माशांवर आजमावल्या. मासे चांगले भरले. मावशी अळ्यांना 'वाळवलेला जीव'च म्हणते, पण पोतं आलं की पहिली वाजवून बघणारी तीच. आणि दुपारचं ताट वंदना भिंतीवरून तिला देते. चव लागो न लागो, भाज्या दोन तरी पाहिजेत असा वंदनाचा हट्ट आहे.

या वर्षी पहिल्यांदा तळ्यात जाळं ओढलं. रोहू हाताला जड लागत होते. विकून उरलेल्या माशांपैकी दोन वंदनानं अंगणात वेगळ्या चुलीवर तळले. मावशी भिंतीपलीकडे नाकाला पदर न लावता बसली होती. लावायची गरजच नव्हती.

"मासळी कशी लागते रे?" तिनं विचारलं.

"चांगली."

"चांगली म्हंजे काय? नीट सांग."

मी खाणं थांबवलं. दुसरा तुकडा तोडला, सावकाश चावला. "वरून कुरकुरीत. आतून मऊ, सुटीसुटी होते. जरा गोडसर लागते."

"चिखलाचा वास?"

"नाही."

"खवट?"

"अजिबात नाही."

ती भिंतीवर कोपरं टेकून पुढे झाली. "अन् मीठ?"

मी पुन्हा एक घास घेतला, यावेळी खरोखर लक्ष देऊन. "थोडं कमी आहे."

मावशीनं माझ्या खांद्यावरून चुलीकडे पाहिलं आणि हाक मारली, "वंदने, मीठ कमी पडलं वं."