आधी मी, मग ठमी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भोईरकाका रोज सकाळी एका मांजरीला जीभ दाखवतात. चिडवायला नाही. आधी एक पेपरमिंटची गोळी तोंडात टाकतात, वर पाण्याचा घोट घेतात, मग ठमीसमोर आ वासून म्हणतात, "बघ, गेली. आता तू." ठमी मान फिरवते. मग तिचा जबडा उघडणं, ओरखडे, सोफ्याखाली गेलेली गोळी शोधणं आणि पुन्हा पहिल्यापासून, "बघ, गेली." कात्रपच्या या सोसायटीत राहायला आल्यापासून मी पुष्कळ नमुने पाहिले, पण हा अव्वल.

काका अंबरनाथला एका कारखान्यात बॉयलरवर होते. नोकरी संपली, बॉयलर काही सुटला नाही. सोसायटीची मीटिंग तापली की म्हणणार, "प्रेशर वाढलंय, वाफ सोडा." माझ्या नवऱ्याला ॲसिडिटी झाली तरी, "व्हॉल्व्ह बघून घ्या." काकू गेल्यापासून घरात ते आणि काकूंची ही म्हातारी मांजर, दोघंच.

ठमी खा खा खायची आणि तरी वाळत चाललेली. दिवसभर येरझाऱ्या आणि घर डोक्यावर घेणं. मजल्यावर सगळ्यांना वाटायचं, म्हातारा हिला उपाशी ठेवतो. शेवटी मीच मागे लागून त्यांना टोपलीसकट उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट फोनवर सांगितला. 'थायरॉइड' एवढा एकच शब्द ऐकून काकांनी फोन ठेवला. "वहिनी, औषध घरातच आहे की!"

काकूंना थायरॉइड होता. त्यांच्या गोळ्या कपाटात तशाच होत्या. काकांनी त्यांचं काहीच टाकलं नव्हतं. आपल्याकडे एकाची गोळी दुसऱ्याला चालतेच. शेजारणीची गुडघ्याची आपण घेतो, मग बायकोची मांजरीला का नाही?

थोड्याच दिवसांत ठमी पडद्यावर चढली, माझे वाळत घातलेले बोंबील तिने फस्त केले आणि धापा टाकत पडली. या खेपेला मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"काका, मिसेसको कम था, इसको ज्यादा है! आपने और बढा दिया!"

"पेटलेल्या बॉयलरात मीच कोळसा टाकला," काका एवढंच म्हणाले. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग योग्य गोळी सुरू झाली. ठमी शांत झाली, अंगही धरू लागली. काकांनी मजल्यावर पेढे वाटले. आणि पुढचा रिपोर्ट आला : किडन्या कामातून चालल्यात. थायरॉइडच्या धांदलीत ते झाकलं गेलं होतं. आता थायरॉइड आवरावा तर किडन्या खचतात, किडन्या सांभाळाव्यात तर थायरॉइड उसळतो.

काकांना हे माझ्याआधी समजलं. "दोन गेज आहेत, वहिनी. एक जागेवर आणलं की दुसरं बिघडतं. असा बॉयलर बंद करतात." मग म्हणाले, "पण आपण नाय करायचा."

परवा सकाळी मी माशाचं पाणी घेऊन गेले. ठमी काकूंच्या जुन्या साडीवर पडली होती, नुसती हाडं. काका तिच्यासमोर जमिनीवर बसून आ वासत होते. मला राहवलं नाही.

"काका, मांजरीला काय कळतंय? कशाला स्वतःला त्रास करून घेता?"

"आमची ही गोळ्या घ्यायची नाय," काका म्हणाले. "म्हणायची, 'आधी तुम्ही घ्या, मग मी.' आता मला कुठला आजार? मग मी पेपरमिंट घ्यायचो. ही ठमी रोज तिच्या मांडीवर बसून बघायची."

"आणि काकूंना कळलं नाही कधी?"

"कळलं असेल. पण घ्यायची." त्यांनी ठमीच्या पाठीवरून हात फिरवला. "शेवटी शेवटी तिनेपण अशीच मान फिरवली. त्या दिवशी मी एकट्यानेच घेतली."

मी वाटी खाली ठेवली. काकांनी आणखी एक पेपरमिंट तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि ठमीसमोर वाकले.

"बघ, गेली," ते म्हणाले. ठमीने डोळे मिटून घेतले होते, तरी ते बराच वेळ तसेच आ वासून बसले.