गुनवोरबाईंच्या धुराड्याला सशर्त मंजुरी

नगरपालिकेच्या छप्पर विभागात मी एकवीस वर्षे आहे आणि माझ्या सहीमुळे आजवर एकाही घराला आग लागलेली नाही. गुनवोर हाउग्सेट यांचा अर्ज तसा साधा होता. वय चौऱ्याहत्तर, विजेचा हीटर कायमचा बंद पडलेला, दिवाणखान्यात लाकडावर चालणारी नवी शेगडी आणि शेगडीच्या बरोब्बर डोक्यावर छपराचा एक वासा. धुराड्याला बाहेर पडायला वाट हवी होती. ऑक्टोबर संपत आला होता.

"एक वासा मधेच कापायचा," सुतार आइलिव म्हणाला, "शेजारच्या दोन वाशांमध्ये आडवी लाकडं ठोकायची, झाली चौकट. मधून धुराडं, लाकडापासून वीतभर लांब. दुपारच्या कॉफीआधी आटपेल."

"आणि वरचा बर्फ कोण पेलणार?"

"चौकट पेलेल की!"

"किती बर्फ?"

"पडेल तेवढा."

हे उत्तर रकान्यात बसत नव्हते. मी शेरा मारला: बर्फ प्रत्यक्ष मोजून मगच वासा कापावा.

"अरे, बर्फ पडायच्या आत शेगडी पेटवायचीय मला!" गुनवोरबाई म्हणाल्या. "सकाळी बोटं उघडत नाहीत माझी."

आमच्याकडे मंत्र्यालाही अरे-तुरे चालते, त्यामुळे नकारसुद्धा घरातलाच वाटतो. "गुनवोर, न पडलेला बर्फ मी कसा मोजू, तूच सांग," मी समजुतीने म्हणालो.

डिसेंबरात बर्फ पडला. मी वजनकाटा घेऊन गेलो, रीतीप्रमाणे बूट दाराशी काढले आणि मोज्यांनिशी जमिनीच्या फळ्यांवर पाऊल टाकताच टाळूपर्यंत शिरशिरी गेली. अहवालात तशी नोंद केली: घर थंड, परंतु नियमात. छपरावरचा भार सगळीकडे सारखा भरला. आइलिवने खरोखरच कॉफीआधी काम उरकले. धुराडे इतके सरळ उभे राहिले की मला भरून आले.

बाईंनी काडी ओढली, तेवढ्यात माझ्या लक्षात आले.

"थांब! धुराडं तापलं की भोवतीचा बर्फ वितळेल."

"वितळू दे की मेल्या!"

"मग भार सारखा राहणार नाही."

आइलिवने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, वितळला तर भार कमीच होईल ना!"

"कमी झाला तरी नोंदीपेक्षा वेगळाच."

काडी विझली. अखेर मीच मधला मार्ग काढला. धुराड्याला कायमची मंजुरी, अट एकच: खाली जाळ करू नये.

नगरपालिकेच्या नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या पानावर आम्ही बाईंच्याच दिवाणखान्याचा फोटो छापला. चकचकीत शेगडी, साल वर करून रचलेली बर्चची लाकडे, चार मेणबत्त्या आणि खुर्चीत दोन स्वेटर, लोकरी टोपी, हातमोजे घातलेल्या गुनवोरबाई. 'किती ऊबदार घर!' अशी गावभर वाहवा झाली. हातमोज्यांबद्दल कुणी विचारले नाही. तुम्हीही हसत हसत इथवर आलात. पण बाईंना थंडी वाजते अशी लेखी तक्रार तुमच्याकडूनही आलेली नाही. म्हणून प्रकरण बंद करत आहे.