घसरगुंडीची तपासणी

घसरगुंडी काढून तिथे दोन गाड्यांची जागा करायची, हे सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची त्यांना साथ होती. मुलांचा आरडाओरडा ऐकून पेशंट वासलेला आ मिटतात, अशी त्यांची तक्रार होती. सहाला सभा होती. ठरावात फक्त 'घसरगुंडी गंजून धोकादायक झाली आहे' एवढं वाक्य हवं होतं. पण तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाई स्वतः बघितल्याशिवाय काही लिहीत नसत.

खाली गंज सापडेना. म्हणून पाच वाजता बाई कंबर कसून शिडीच्या अकरा पायऱ्या चढल्या. वरही गंज नव्हता. मग त्यांनी खाली पाहिलं आणि कठड्याला मिठीच मारली.

वॉचमनची हाक ऐकून डॉक्टर पांढऱ्या कोटासकट धावले. बाईंना हात देऊन उतरवतो म्हणत वर चढले आणि चढणं वेगळं, उतरणं वेगळं, हे त्यांनाही वर गेल्यावरच कळलं. आता दीड माणसाच्या फळीवर दोघं एकमेकांना धरून उभे. गॅलऱ्या भरल्या. कुणी गाद्या आणायला सांगितल्या. कुणी अग्निशमन दलाला फोन करून 'वर अडकलेत, उतरता येत नाही' म्हणून कळवलं, तर तिकडून मांजरं पाळीव आहेत का, अशी चौकशी झाली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची खारूताई, वय वर्षं सात, गर्दीतून पुढे आली.

"काकू, खाली बसा. पाय सरळ, हात वर. आणि जोरात ओरडायचं, म्हणजे भीती बाहेर जाते."

बाईंनी उभ्या जन्मात कुठल्या मुलाचं ऐकलं नव्हतं. आज इलाज नव्हता. त्यांनी हात वर केले आणि अशी किंकाळी फोडली, की डॉक्टरांचा पेशंट तोंडातल्या कापसासकट खिडकीत आला. बाई सुर्रकन वाळूत. मागोमाग कोट फडफडवत डॉक्टर.

आता कुणाची खरडपट्टी निघते, याची सगळे वाट बघू लागले. बाईंनी केसांतली वाळू झटकली, गंभीरपणे वर पाहिलं आणि वॉचमनला म्हणाल्या, "एका फेरीत काय तपासणी होणार? शिडी धर."

दुसऱ्या फेरीला डॉक्टरही, केवळ मदत म्हणून, मागे होते. सहाला सभेसाठी आलेली मंडळी आधी हसली, मग रांगेत उभी राहिली. खजिनदार पोटावर आले. तळमजल्यावरचे आजोबा मध्येच घुसू लागले, तेव्हा बाईंनी त्यांना शेवटी पाठवलं. ठरावाचा कागद कुणीतरी वाळू झटकायला वापरला. सात वाजले तरी रांग संपेना.

शेवटी खारूताईने बाईंची बाही ओढली. तिच्यामागे इमारतीतली सगळी पोरं तोंडं पाडून उभी होती.

"काकू, तुम्ही खेळा हवं तेवढं. पण आम्हाला रोज एक तास तरी द्याल का?"

बाईंनी क्षणभर विचार केला.

"ठेवते सभेपुढे," त्या म्हणाल्या आणि शिडी चढू लागल्या.